चार तासांचं घड्याळ

कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन कधी सुरू करायचं, हे आपल्या बहुतेक घरांत आजार किती पुढे गेला यावर ठरतं. ते दुखणं किती आहे यावर ठरायला हवं. एवढी एकच गोष्ट मला इथे सांगायची आहे. ती सांगायला मी इंदूरचा राजवाडा निवडला, कारण ज्या झाडाच्या बोंडातून मॉर्फिन येतं त्या झाडाशी या गावाचं नातं दोनशे वर्षांचं आहे. राजवाड्याच्या आसपासच्या मराठी घरांत या विषयावर जे दोन सूर लागतात, ते मी दोन कल्पित माणसांच्या तोंडी दिले आहेत. मामा औषध प्रशासनातून निवृत्त झालेले, कायदा कोळून प्यालेले. भाची वेदना-उपचारांची डॉक्टर. मामींचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला आहे आणि पाठीचा ठणका त्यांना रात्री झोपू देत नाही. माझा कल भाचीकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मामांचे आक्षेप पोकळ नाहीत. ते प्रेमातून आणि नोकरीतल्या अनुभवातून आलेले आहेत, म्हणून त्यांना पुरती जागा देणं भाग आहे.

मामा : अगं, मी ती गोळी कधीच नको असं कुठे म्हणतोय? पण आत्ताच कशाला? परवापर्यंत ती स्वतःच्या पायांनी जिना चढत होती. मॉर्फिन सुरू केलं की तिला वाटेल, आपण हात टेकले. शिवाय सगळ्यात जहाल औषध आजच वापरून टाकलं तर पुढे हातात काय राहील? तुम्ही डॉक्टरच सांगता ना, पायरी-पायरीने चढायचं म्हणून. मग पहिल्या पायरीवर जितके दिवस निघतील तितके काढू. पॅरासिटामॉल आहे, डायक्लोफेनॅक आहे. सोसवेना झालं की मागेल ती.

भाची : मामा, ‘सोसवेना झालं की मागेल’ इथेच सगळं बिघडतं. ज्या शिडीचा तुम्ही दाखला देता ती जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली छापली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरवणारी औषधं. दुसरीवर कोडीन किंवा ट्रॅमाडॉल. तिसरीवर मॉर्फिन किंवा त्याच्या जातीचं फेन्टानिल. दुखणं नसेचं असेल, म्हणजे चटके बसल्यासारखं, मुंग्या आल्यासारखं, तर कुठल्याही पायरीवर अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेन्टिनची जोड. पण कुठल्या पायरीवर किती दिवस काढायचे, हे त्या शिडीत कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्या पायरीचं औषध पुऱ्या मात्रेत देऊनही दुखणं राहिलं, तर वर जायचं. आणि दुखणं मुळातच दहापैकी आठ असेल, तर सरळ तिसरीवर पाय ठेवायचा. मामींना मी काल विचारलं. त्या म्हणाल्या, रात्री नऊ, दिवसा सहा-सात. त्यांना पहिल्या पायरीवर उभं करून ठेवणं म्हणजे शिडीचं नाव घेऊन शिडीच्या उलट वागणं.

आणि पुढे काय राहील म्हणता, तर हिशेब नेमका उलटा आहे. संपणारं औषध मॉर्फिन नाही. संपतात ती पहिल्या पायरीची औषधं. धडधाकट मोठ्या माणसालाही पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमपेक्षा जास्त देता येत नाही, यकृतावर जातं. डायक्लोफेनॅक दीडशे मिलिग्रॅमच्या पुढे नेलं तर आराम फारसा वाढत नाही. वाढतो तो पोटातल्या रक्तस्रावाचा आणि मूत्रपिंडाचा धोका. मॉर्फिनला अशी ठरलेली कमाल मात्रा नाही. दुखणं वाढलं तर मात्रा वाढवता येते, कमी झालं तर उतरवता येते. पण डायक्लोफेनॅकच्याच साधी गोळी म्हणून घरच्या घरी दोनाच्या तीन, तीनाच्या चार करत गेलात आणि मूत्रपिंड बिघडलं, तर मॉर्फिन शरीरात तुटून जी द्रव्यं तयार होतात ती लघवीवाटे बाहेर जायची थांबतात, साठतात आणि गुंगी आणतात. म्हणजे पुढच्यासाठी राखून ठेवायला निघालात, आणि पुढची वाट तुम्हीच अवघड करून ठेवलीत.

मामा : बरं, पण सवय? मी आयुष्यभर या पदार्थाच्या केसेस पाहिल्या आहेत. अफू, डोडाचुरा, ब्राऊन शुगर. मंदसौर-नीमचकडची घरं कशी बसली, ते तू पुस्तकात वाचलं असशील, मी पंचनाम्यात वाचलंय. ती गोळीसाठी घड्याळाकडे डोळे लावून बसायला लागली, तर मला बघवणार नाही.

भाची : घड्याळाकडे डोळे लावून माणूस कधी बसतो, मामा? गोळी दुखल्यावरच मिळणार असेल तेव्हा. कळ उठणार, मग मागायचं, मग कुणीतरी आणून देणार, मग ती पोटात जाऊन लागू पडायला अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात कळ शिगेला. दिवसातून चार वेळा असं झालं की माणसाला गोळीशिवाय दुसरं सुचेनासंच होतं. याच्यावर उत्तर शोधलं सिसिली साँडर्स यांनी. आधी नर्स, मग डॉक्टर झालेल्या बाई. लंडनच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, १९५८ पासून त्यांनी पद्धत बसवली, की दुखणं परत यायच्या आत पुढचा डोस द्यायचा. तोंडावाटे घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा असर चार तास टिकतो, तर दर चार तासांनी द्यायचं, दुखत असो वा नसो. रुग्णांनी मागणं सोडलं, कारण मागायची पाळीच येत नव्हती. पुढे शिडी आली तेव्हा तिच्यासोबत जे नियम छापले गेले त्यात हा मुख्य होता. शक्यतो तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, पायरीप्रमाणे, समोरचं माणूस पाहून आणि बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष ठेवून. शिडी सगळ्यांच्या लक्षात राहिली, घड्याळ विसरलं.

सवयीचं म्हणाल, तर दोन गोष्टींची गल्लत होते. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर ते एकदम तोडलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता येते. शरीराला त्याची सवय झालेली असते, हे खरं. म्हणून ते कधीच एकदम थांबवायचं नाही. पण व्यसन म्हणजे औषध दुखण्यासाठी न घेता औषधासाठीच घेणं, नुकसान दिसत असूनही त्याच्या मागे धावणं. मामींच्या मणक्याला रेडिएशन द्यायचं ठरलंय. हाडाच्या दुखण्यावर पुष्कळदा एकच बैठक पुरते. त्याने ठणका उतरला की मी मॉर्फिन थोडं थोडं कमी करेन, आणि मामी त्याची आठवणही काढणार नाहीत.

इथे मला मध्ये बोलायचं आहे, कारण मामांची भीती एका माणसाची नाही, एका प्रदेशाची आहे. एकोणिसाव्या शतकात मालव्याची अफू हा चीनकडे जाणाऱ्या मोठ्या व्यापारांपैकी एक होता. ईस्ट इंडिया कंपनीला बंगालसारखी मक्तेदारी इथेही हवी होती, पण होळकर-शिंद्यांच्या मुलखात ती जमेना. तेव्हा १८३०च्या सुमारास कंपनीने तो नाद सोडला आणि मुंबई बंदराकडे जाणाऱ्या पेट्यांवर पासाची फी घ्यायला सुरुवात केली. त्या व्यवहाराचं एक मोठं केंद्र इंदूर होतं. राजवाड्यामागच्या सराफ्यातल्या पेढ्यांवर अफूचे सौदे झाले, त्यातून इथल्या सावकारीला भांडवल मिळालं. चीनला जाणारा तो व्यापार विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंद पडला. शेती मात्र राहिली. आजही केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्याने मंदसौर, नीमच, रतलाम भागांत खसखशीचं पीक घेतलं जातं, बोंडांना चिरा पाडून चीक गोळा होतो आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात जातो. सुक्या अफूत साधारण दहा टक्के मॉर्फिन असतं. कायदेशीरपणे चिकाची अफू काढणारा जगातला मुख्य देश भारत आहे, आणि या अफूचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं परदेशी औषध कंपन्यांकडे गेला आहे.

आता दुसरी गोष्ट त्याच्या शेजारी ठेवा. नार्कोटिक्सचा कडक कायदा १९८५ साली आला. किमान दहा वर्षांची शिक्षा, आणि मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, तेही एकाच वेळी चालू असलेले. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि वर्षाला १८ किलोवर आला. कॅन्सर तर या बारा वर्षांत कमी झाला नव्हता. २०१७ साली ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा भारतात वेदनाशमनाच्या गरजेच्या अवघे चार टक्के मॉर्फिन लोकांपर्यंत पोचत होतं. ज्या मातीत ते उगवतं तिथलं माणूस त्याच्याविना तळमळत जातं, ही गोष्ट मला अजून पचत नाही. मामांच्या खात्याने वाईट हेतूने काही केलं असं मी म्हणत नाही. कायदा तस्कराकडे पाहून लिहिला गेला, आणि खाटेवरचं माणूस लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं.

मामा : कायदा सैल केला की काय होतं, ते अमेरिकेत दिसलंच की. डॉक्टरांनीच चिठ्ठ्या लिहिल्या, आणि लाखो माणसं मेली. इथेही ट्रॅमाडॉल असंच सोपं औषध म्हणून विकलं गेलं, पोरं चघळायला लागली, आणि २०१८मध्ये सरकारला ते कायद्याखाली आणावं लागलं. कोडीनच्या खोकल्याच्या बाटल्यांचं तर विचारूच नको. आम्ही दारं घट्ट लावली ती उगाच नाही.

भाची : अमेरिकेचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तिथे १९९६ला बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनचा मारा झाला तो मुख्यतः कंबरदुखी-गुडघेदुखीवाल्यांवर, वर्षानुवर्षं. १९८० साली एका नियतकालिकात छापून आलेल्या पाच वाक्यांच्या पत्राचा आधार देऊन सांगितलं गेलं, की व्यसन लागतच नाही. ते पत्र रुग्णालयात दाखल असलेल्या रोग्यांपुरतं होतं. तो खोटेपणा होता, आणि त्याची किंमत फार मोठी मोजली गेली. म्हणून मी तुम्हाला ‘व्यसन कधीच लागत नाही’ असं सांगणार नाही. ज्याला पूर्वी दारूचं किंवा नशेचं व्यसन होतं, त्याच्या बाबतीत मी जास्त जपून चालते, गोळ्या मोजून देते, घरातल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवायला सांगते. पण दार कुठे लावायचं हा प्रश्न आहे. केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये कोझिकोडला वेदना-उपचारांची संस्था काढली, रुग्णांना तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन घरी न्यायला दिलं आणि नोंदी ठेवल्या. दोन वर्षांत १७२३ रुग्ण झाले. त्या नोंदींत गैरवापराचं किंवा औषध बाहेर वळवल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. हे २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तुमच्या पंचनाम्यांतली अफू शेतातून आणि वाटेतून गेली होती, मामा. कॅन्सरच्या रुग्णाच्या उशाखालून नाही. हे संसदेलाही पटलं. २०१४मध्ये कायदा बदलला, मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि त्या चार-पाच परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली.

मामा थोडे नरमतात, पण सोडत नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न मला सगळ्यात चांगला वाटतो. ते म्हणतात, तुझी ही शिडी तरी कितपत पक्की आहे? औषधखात्यात आम्ही एखादी गोळी मान्य करायला तुलनात्मक चाचण्या मागतो. शिडीसाठी कुणी मागितल्या का?

भाची : कमी मागितल्या, हे खरं. जर्मनीत कोलोनला दहा वर्षांत २११८ रुग्णांवर ही पद्धत वापरली गेली. १९९५मध्ये निष्कर्ष आले, की ७६ टक्क्यांना चांगला आराम, १२ टक्क्यांना बरा, १२ टक्क्यांना अपुरा. पण त्याच वर्षी दोन संशोधकांनी असे सगळे अभ्यास तपासले आणि दाखवून दिलं, की तुलनेसाठी दुसरा गट जवळपास कुठेच नव्हता. मग शिडी चुकीची का? काही अंशी, हो. दुसरी पायरी कच्ची निघाली. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. शरीर त्याचं मॉर्फिन बनवतं, आणि काही जणांचं शरीर ते नीट बनवत नाही. इटलीत २४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. मध्यम दुखण्यावर एका गटाला कोडीन-ट्रॅमाडॉल, दुसऱ्याला थोड्या मात्रेत मॉर्फिन. २०१६मध्ये निकाल आला. मॉर्फिनच्या गटात ८८ टक्क्यांना लक्षणीय आराम, दुसऱ्यात ५८ टक्क्यांना. दुष्परिणाम मॉर्फिनचे जास्त नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शनात नियमांच्या यादीतून शिडी काढून परिशिष्टात ठेवली. तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, माणूस पाहून, बारकाईने, हे चार नियम जागेवर राहिले.

मला हे उत्तर महत्त्वाचं वाटतं ते एवढ्यासाठी, की ते मामांचा मुद्दा मान्य करून त्यांचाच निष्कर्ष उलटवतं. शिडीवर शंका घ्यायचीच असेल तर पुरावा हळूहळू चढण्याच्या बाजूने जात नाही. तो मधली पायरी गाळून थोडं मॉर्फिन लवकर सुरू करण्याकडे बोट दाखवतो. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात शिडीचं काम वेगळं होतं. मॉर्फिनला घाबरणाऱ्या डॉक्टरांना आणि सरकारांना ‘शेवटची पायरी हीसुद्धा उपचाराचीच पायरी आहे’ हे पटवायचं होतं, आणि ते काम तिने चोख केलं. आपण मात्र तिचा अर्थ लावला तो रांगेसारखा, की आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. कॅन्सर पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण तीनातले दोन दुखण्याने गांजलेले असतात, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. एवढी माणसं रांगेत उभी करून ठेवण्याचं समर्थन कुठल्याच पुराव्यात नाही.

मामा : एक शेवटचं विचारतो, रागावू नकोस. याने ती लवकर जाईल का? श्वास मंदावतो म्हणतात.

भाची : रागावते कशाला? हा प्रश्न मनात ठेवून गोळी अर्धी करून देणारी किती घरं मी पाहते. मॉर्फिन एकदम मोठ्या मात्रेत, न दुखणाऱ्या माणसाला दिलं, तर श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो. पण दुखणं स्वतःच श्वासाला चालना देत असतं. दुखण्याच्या मापाने, थोडं थोडं वाढवत नेलं, की शरीर त्या परिणामाला लवकर सरावतं. मामींना मी पाच मिलिग्रॅमपासून सुरू करणार आहे. खूप म्हातारं किंवा खंगलेलं माणूस असतं तर अडीचपासून केलं असतं. लंडनच्या एका हॉस्पिसमध्ये २३८ रुग्णांच्या शेवटच्या आठवड्याच्या नोंदी तपासल्या होत्या, २०००मध्ये छापून आल्या. ज्यांची मात्रा बरीच वाढवावी लागली ते इतरांपेक्षा लवकर गेले नव्हते. पहिले दोन-तीन दिवस मामींना पेंग येईल. त्यातली काही औषधाची असेल, काही साचलेल्या झोपेची. जागं करूनही नीट जाग येत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, तर पुढचा डोस थांबवून मला लगेच फोन करायचा. हात टेकल्याचं म्हणाल, तर मामींची केमोथेरपी चालूच राहणार आहे, रेडिएशन होणार आहे. दुखणं कमी असलेलं माणूस ते उपचार पुरे करतं, जेवतं, उठून बसतं.

मामा : मग सांग नीट. मी वहीत लिहून घेतो.

भाची : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. मधेच कळ आली तर त्याच मापाची एक जादा गोळी द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. ठरलेली पुढची गोळी मात्र तिच्या वेळेलाच. उद्या संध्याकाळी जादा किती लागल्या ते मोजू आणि त्यावरून परवाची मात्रा ठरवू. डायक्लोफेनॅक आजपासून मनाने द्यायचं नाही. मळमळीची गोळी पहिले काही दिवस लागेल, मग बहुधा बंद होईल.

मामा : आणि पहाटे दोनला उठवू तिला?

भाची : नको. रात्री दहाची मात्रा दुप्पट द्या, म्हणजे ती सकाळपर्यंत पुरेल. आपलं पहिलं उद्दिष्ट तेवढंच आहे, रात्रभर झोप. ते साधलं की मग नुसतं बसल्यावर दुखू नये हे बघू. त्यानंतर चालताना.

मामा : बद्धकोष्ठ होतं म्हणतात. झालं तर काय देऊ?

भाची : व्हायची वाट बघायची नाही, मामा. मॉर्फिनचे बाकीचे बहुतेक त्रास सरावाने जातात, हा एक जात नाही. रेचक पहिल्या गोळीबरोबरच, आज रात्रीपासून.